लाल बटण

लखनौ, रविवार, नोव्हेंबर १९९५

वामनरावांना जाऊन आज दोन महिने झाले. मानक नगरहून, त्यांच्या घरून परतलोय, पण मन थाऱ्यावर नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी केबिनची मोटरबोट घेतली. पहिल्या दिवशी गोमतीवर आम्ही तिघंच, ते, त्यांची पत्नी आणि मी. सुमतीवहिनी म्हणाल्या, "इंजिन बंद करायला मलाही शिकवा ना." मीच म्हणालो, "वहिनी, तुम्ही केबिनमधला स्टोव्ह सांभाळा." वामनराव आणि मी, दोघंही हसलो. स्त्रियांच्या हक्कांवर सभा गाजवणारा मी.

पुढे बोट चालवतानाच वामनरावांच्या छातीत कळ आली. वहिनींना बोट थांबवता येईना. नावाड्यांनी गाठेपर्यंत अर्धा तास गेला. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. इंजिन बंद करायचं बटण समोरच होतं, लाल. कुणी एकदा त्यावर बोट ठेवून वहिनींना दाखवलं असतं तर?

आज ती बोट विकत घ्यायला आलमबागचे एक गृहस्थ आले होते. मला म्हणाले, "पहली बोट है, कुछ सलाह दीजिए."

वहिनीच म्हणाल्या, "भाईसाहब, पहले भाभीजी को इंजन बंद करना सिखाइए."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रागानं तरी पाहायला हवं होतं.