हिच्या झाडाला लाल पट्टा

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा साष्टांगातली निम्मी अंगं वजा धरावीत.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच म्हणता येईल. तुमची बहीण गेल्यापासून "गोळ्या घेतल्या का" असं विचारणारं घरात कुणी नाही, त्यामुळे गोळ्यांनीही गुण द्यायचं सोडलंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, शहराला लागून असलेलं जंगल आम्ही कॉलनीतलीच माणसं राखतो आणि मी समितीचा अध्यक्ष आहे (दुसरं कुणी तयार नव्हतं). मागे हौशी लोकांनी त्यात बाहेरदेशीची शोभेची झाडं घुसवली. त्यांच्याखाली आपलं रानातलं रोप धरत नाही, पाखरूही सहसा घरटं करत नाही. म्हणून मीच टेबलावर मूठ आपटून ठराव करून घेतला: परकी झाडं तोडायची, प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी अपवाद नाही. शाळेतल्या निवृत्त बाई पान बघून "परकं" म्हणायच्या आणि मी खोडाला लाल रंगाचा पट्टा ओढायचो. अंगात आलं होतं नुसतं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात एका उंच झाडाला झोकात पट्टा ओढून मी मागे सरलो, तर बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, हे वहिनींनी लावलेलं ना?"

अक्का, मी ओळखलंच नाही. ती गेल्यावर त्या कोपऱ्याकडे मी फिरकलोच नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे ते कमरेएवढंच होतं आणि ती त्याला घरून बाटलीने पाणी नेत होती. मला न विचारता ते दुमजली वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुपचूप पट्टा खरवडायला गेलो, तर समितीतल्याच दातांच्या डॉक्टरांनी पकडलं. (चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर हातात पत्र्याचा तुकडाच होता.) झालं, गोष्ट षट्कर्णी! समितीने तातडीने बैठक घेऊन त्या झाडाला एकमताने माफी दिली. इतकं ओशाळवाणं मला जन्मात वाटलं नव्हतं. लगेच डॉक्टरांना आपण ज्याच्याखाली डबा खातो ते झाड आठवलं, समितीतल्या शिंप्याला त्याच्या सासऱ्यांनी लावलेलं. बाईंनी रंगाच्या डब्याला झाकण लावलं. आता एकही झाड पडत नाही आणि जंगलाचं जे वाटोळं होईल त्याची सुरुवात माझ्या घरून झाली, असं होईल. म्हणून मी सांगून टाकलं, पहिलं हेच तोडायचं. येत्या रविवारी करवतवाले येतील.

लोभ आहेच, या वेळी तो जरा जास्त लागेल.

आपला,
अध्यक्ष (नाइलाजाने)

ता. क. – खरं काम असं, की रविवारी तुम्ही या. करवतवाल्यांना "चालवा" म्हणायला माझं तोंड उघडणार नाही. तुम्ही तिच्या थोरल्या. तुम्ही म्हणालात, तर मी बाजूला होईन. तुमच्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पुन्हा ता. क. – फोन मुद्दाम केला नाही, पत्र साध्या टपालाने टाकतोय. उशिरा पोचलं तर दोष टपालाचा. आणि गुडघे दुखत असतील तर अजिबात घाई करू नका. झाडाला यंदा पहिल्यांदाच कळ्या आल्यात. ती सारखी विचारायची, फुलं कधी येणार म्हणून. एकदा फुलून जाऊ दे म्हणतो, मग या.