काठावर वाजलेला गजर

न्यूशातेल, १४ जून

प्रिय क्लोतिल्डताई,

धाकट्या ओगुस्तचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा आता जिने चढू देतो का? माझं म्हणशील तर रविवारपासून नाक वाहतंय. कारण सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

माझा नाद तुला ठाऊकच आहे: पाणबुड्यांसाठी बनवलेली जुनी गजराची घड्याळं. (पाठीवरच्या टाकीतल्या हवेचा अंदाज घेऊन गजर लावायचा; वेळ झाली की तो मनगटावर थरथरतो आणि पाणबुड्या वर येतो.) माझ्याकडे तेवीस आहेत. आमच्या घड्याळवेड्यांच्या मंडळाची मिळून दोनशे तरी भरतील, आणि त्यातल्या एकालाही पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हा आमचा धर्म. पाणी अडवणाऱ्या जुन्या रबराचा काय भरवसा? मी तर हात धुतानाही घड्याळ काढून ठेवतो. अपवाद एकच, माझा मित्र फिर्मां. तो आपलं एकुलतं एक घड्याळ घालून दर रविवारी तळ्यात बुडी मारायचा, आणि आम्ही त्याला रानटी म्हणायचो.

मार्चमध्ये फिर्मां गेला (अंथरुणात, कोरडा). त्याच्या घड्याळावर माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी त्याच्या बायकोकडे, ईव्हेटवहिनींकडे, हळूच विषय काढला. त्या साखर ढवळत म्हणाल्या, "भाऊजी, हे घड्याळ कपाटात बसायचं नाही. ते घालून दहा मिनिटं तळ्यात उभे राहा, मग तुमचंच."

पोहता येत नसलं तरी मला उभं राहता येतं. गेल्या रविवारी काठावर वहिनींनी घड्याळ माझ्या डाव्या मनगटाला बांधलं, दहा मिनिटांचा गजर लावला आणि मी देवाचं नाव घेऊन पाण्यात शिरलो. आमचं तळं जूनमध्येही हाडं गोठवतं. गळ्यापर्यंत गेलो. दात वाजत होते, पण छाती फुगली होती. मंडळातल्या त्या कोरड्या म्हाताऱ्यांची मला चक्क कीव आली. आणि दहा मिनिटांनी गजर वाजला, अगदी खणखणीत. काठावर, वहिनींच्या ओंजळीत.

सवय, ताई. पाण्यात पाय टाकता टाकता मीच पट्टा सोडून घड्याळ त्यांच्या हातात दिलं होतं. वर "जरा सांभाळा हं" असंही म्हणालो होतो म्हणे. वहिनी हसल्या नाहीत. मला टॉवेल दिला, घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पुन्हा या. तिसऱ्यांदा बोलावणार नाही."

तर असा हा नाद मी कायमचा सोडला. दाजींना नमस्कार, त्यांना म्हणावं जपून चाला.

तुझा
ओगुस्त

ता. क. नाद सोडला हे खोटं आहे.

आणखी एक ता. क. फिर्मां तीस वर्षं दर शनिवारी फोन करून विचारायचा, "उद्या येतोस का रे? एकट्याला कंटाळा येतो." मी दर वेळी घड्याळाचं निमित्त सांगितलं. आता फार वाईट वाटतं. (वहिनींना हे माहीत असावं.)

अगदी शेवटचं. तुला पोहता येतं. रविवारी सकाळच्या गाडीने ये आणि पाण्यात माझ्या शेजारी उभी राहा. मी बुडेन याची काळजी करू नकोस. फक्त माझा उजवा हात घट्ट धरून ठेव. पट्टा मी त्याच हाताने सोडतो.