राखणीच्या गिन्या

देवरी
२१ जुलै २०२४

चि. रचनास,

बाबाचा सप्रेम जय भीम. आम्ही दोघं ठीक आहोत, तुमची खुशाली कळव. इकडं धानाचे रोवणे सुरू झाले, मजूर भेटत नाही म्हणून जो तो बोंबलून राहिला. भूपेंद्रची रात्रपाळी संपली का?

फोन असताना बाबा पत्र काऊन लिहून राहिला, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझी आई बाजूला येऊन बसते, मग बोलायचं ते राहून जाते. आणि तू तरी कुठं उचलते? देवरी ते तुझं फुलचूर असं किती लांब, पण आपल्याकडं रस्ताच बंद पडल्यासारखा झाला. पत्र तू फाडशील, पण वाचून फाडशील, एवढी माझी पोरगी मला माहीत आहे.

बातमी अशी, की मी गिनी कोंबड्या पाळल्या. हसू नको. जागेश्वरच्या वाडीत तू पाहिल्या आहेत, करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोकं टकलं, आणि अनोळखी माणूस दिसला की सारं गाव जागं करणाऱ्या. त्याच्या एका गिनीने झुडपात पिल्लं काढली आणि ओल्या गवतातून अशी हिंडवली की अर्धी गारठून मेली. जागेश्वर म्हणाला, "काका, गिनीले अंडे घालता येते, माय होता येत नाही." उरलेली पिल्लं मी टोपलीत घालून घरी आणली.

आता बिनमायच्या पिल्लांना ऊब पाहिजे. म्हणून ब्रूडर बनवला. टीव्हीचा खोका होता, त्यात पेपर अंथरला, वर बल्ब टांगला, आणि मी इंजिनिअर झालो. सकाळी पाहतो तर सारी पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली, खालचं एक चेंगरून गेलेलं. दुसऱ्याचे पाय फाकले होते. जागेश्वर आला आणि माझ्यावरच उखडला. "पेपरावर पाय घसरते न काका. आणि कोपरा कायले ठेवला? भेलं की कोपऱ्यात घुसते ते."

मग धान साठवायच्या ढोलीचा जुना बांबूचा तट्टा काढला, गोल वाकवून बांधला. कोपराच नाही, तर घुसतील कुठं? खाली पोतं, वर मच्छरदाणीचा तुकडा, कारण हे बेटे दोन-चार दिवसांत उड्या मारतात. पाण्याच्या बशीत गोटे टाकले, नाहीतर पाणी पिता पिता त्यातच बुडून मरतात. बल्ब मधोमध नाही, एका बाजूला. मले याचीच मोठी गंमत वाटली. पिल्लं बल्बाखाली दाटली तर थंडी आहे, दूर पळाली तर गरम झालं, आणि कुठंही पसरून निजली तर बरोबर. मोजायचं काही कामच नाही, पिल्लंच सांगतात. मी खुर्ची टाकून पाहत बसतो. आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली, असं काही निवांत पाहिलंच नव्हतं.

तुझी आईही बसते. पिल्लांना खायचं कळत नव्हतं, तर ती बोटाने ताटलीत टकटक करते आणि "ती ती ती" म्हणते. तशी सारी धावतात तिच्या बोटापाशी. परवा त्यांना खायला बांधावरची उदई, म्हणजे वाळवी, आणायला गेली, तिला यायला जरा उशीर झाला. बाकी ठीक.

तुझा,
बाबा


देवरी
६ ऑक्टोबर २०२४

चि. रचनास,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी त्या पुन्हापुन्हा वाचल्या. तू लिहिलं, "आई माझ्याशी बोलत नाही तोवर मी येणार नाही. तिने फोनवर मला ओळखत नाही म्हटलं, आता आणखी काय ऐकायचं राहिलं?" आणि खाली विचारलं, "बाबा, साध्या कोंबड्या सोडून गिन्या काऊन?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गिन्या मी राखणीसाठी आणल्या. चोरांच्या नाही, आपल्या घरात चोराने न्यावं असं आहे काय? तुझ्या आईच्या राखणीसाठी आणल्या. उदई आणायला गेली तेव्हा जरा उशीर नाही झाला. दिवस मावळेपर्यंत आली नाही. शेजारच्या मनिरामच्या पोराने सांगितलं की काकू हायवेवर स्टॉपपाशी उभी आहे. उदईची टोपली हातात, पायात चप्पल नाही, अन् बाजूने ट्रक धावून राहिलेले. मी म्हटलं, "सुमन, इथं काय करून राहिली?" तर म्हणते, "रचनाची शाळा सुटली न. तिले घ्याले आली."

असं वर्षभर चाललं आहे. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग गॅस तसाच राहू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, औषध द्या, पण जुनं जे गेलं ते येणार नाही. तुला सांगितलं नाही. तू आधीच दुखावलेली होती, आणि मला वाटलं, आज नाही तर उद्या ठीक होईल. बाई, तुझी आई रागावलेली नाही. तू न सांगता कोर्टात लग्न केलं तेव्हा रागावली होती, खरं आहे. चार महिने तुझं नाव घेऊ दिलं नाही. पण तो राग केव्हाचाच गेला, आणि राग गेला तसं बाकीचंही जाऊ लागलं. तिची रचना दोन वेण्यांची आहे, चौथीत शिकते. फोनवर एक मोठी बाई म्हणते मी रचना, तर ती ओळखणार कशी?

मी दिवसभर डोळ्यात तेल घालून बसू शकत नाही. म्हणून विचार केला, गिन्या पाळाव्या. फाटक वाजलं, कोणी हललं की बोंबलतील आणि मी धावीन. असा माझा हिशोब.

आता तुझ्या शहाण्या बाबाची चूक ऐक. पिल्लं कोणाच्या हाताने वाढली? तिच्या. बोटाने टकटक कोणी केलं, लाईन गेली तेव्हा गरम पाण्याचा डबा फडक्यात बांधून कोणी ठेवला? तिनेच. मला मोठं बरं वाटत होतं, ती रमली म्हणून. माझं नाव विसरायची, पण पिल्लांचं खाणं विसरली नाही. पिल्लं मोठी झाली, टकली झाली, अंगणात सोडली. पोस्टमन आला, बोंबलल्या. जागेश्वर आला, बोंबलल्या. मी नवा शर्ट घातला, माझ्यावरही बोंबलल्या. आणि तुझी आई फाटक उघडून निघून गेली, तर एकीने आवाज काढला नाही. आपल्या मायवर कोण ओरडते?

मी भाकर खात होतो. बाहेर पाहतो तर अंगण रिकामं. ना ती, ना गिन्या. उष्ट्या हाताने निघालो. तेवढ्यात चौकातून दुर्गेश्वरी ओरडली, "काका, वरात पाहा तुमची." तुझी आई पुढं, आणि मागं साऱ्या गिन्या एका रांगेत, कचकच करत. ज्या घरावरून गेली तिथलं माणूस बाहेर आलं. कोणी गिन्यांना हसायला आलं, कोणी तिला हात धरून सावलीत बसवायला. हायवेपर्यंत ती पोचलीच नाही.

आता रोज शाळा सुटायच्या वेळी ती निघते आणि मी अडवत नाही. थोडा मागं चालतो. गिन्यांचा आवाज कुठं आहे ते ऐकत राहतो. गावही ऐकते. मला फक्त एवढंच समजत नाही, की बिनमायची पिल्लं असं कोणालाही माय मानतात, का त्यांना माणूस बरोबर ओळखता येते. जागेश्वरला विचारलं, त्यालाही माहीत नाही.

रचना, ती तुझीच वाट पाहते. स्टॉप तेवढा चुकला.

तू ये. भूपेंद्रलाही आण, आता जावईबापू म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. फाटकाशी आली की गिन्या तुझ्यावर बोंबलतील, त्यांच्यासाठी तू परकी आहेस. मनावर घेऊ नको. आवाज ऐकून तुझी आई बाहेर येईल आणि विचारेल, "कोण वं तू?" तेही मनावर घेऊ नको. मी रचना आहे म्हणून तिच्याशी भांडू नको. तिचा हात धर आणि सांग, "काकू, शाळा सुटली. मी तुमच्या रचनाले घरी घेऊन आली."

मग ती उन्हात जाणार नाही.

फाटकाशी बसलेला,
तुझा बाबा