स्वामी रथाच्या पुढे का गेले, याची कारणमीमांसा

तंजावूर, २ ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप राजमअक्कांच्या पायांशी धाकट्या गुरुराजाचे नमस्कार. भावोजींचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो की नाही, ते कळवावे. येथे सर्व सुखरूप. आपण पापनाशमहून पाठविलेली तांदळाची वाळवलेली वडामे आपल्या भावजयीने, विशालाक्षीने तळली (माझ्या वाट्याला चार आली).

एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मनुष्यास फळ्यावाचून सकाळ किती लांब वाटते, हे आपण जाणताच. राजवाड्यामागे राममूर्तीने (माझाच जुना विद्यार्थी, आलेख सुरेख काढी) संगणकवर्ग उघडला आहे. तेथे खेळ तयार करण्याचे इंजिन आहे: आपण आज्ञा लिहाव्यात, चित्रांनी त्याप्रमाणे हलावे. चार महिने मी ते शिकलो. राममूर्ती म्हणाला, एक खेळ चालवून दाखवा, विजयादशमीपर्यंत दहा विद्यार्थी जमवा, आणि शनिवारचा वर्ग तुमचा.

मी रथोत्सव निवडला. येथून कृपया सावकाश वाचावे. पडद्यावरील प्रत्येक वस्तूला घटक जोडावे लागतात. स्थानाचा घटक सांगतो, वस्तू कोपऱ्यापासून किती आडवी, किती उभी. गतीचा घटक क्षणोक्षणी त्या आकड्यांत भर घालतो. चालणे म्हणजे एवढेच. (हे उमगले त्या दुपारी मी कॉफी प्यायला विसरलो, विशालाक्षी साक्षीदार आहे.)

रथाला मी स्थान दिले आणि गतीही दिली. आत बसणाऱ्या स्वामींना (म्हणजे उत्सवमूर्तीला) मात्र केवळ स्थान दिले. राममूर्ती हात जोडून उभा राहिला (पादत्राणे आधीच बाहेर होती, संगणकाच्या खोलीचा तो नियमच आहे). कळ दाबताच रथ निघाला आणि स्वामी रस्त्यावर अधांतरी राहिले. "सार, स्वामींना न घेताच?" राममूर्ती हळूच म्हणाला. घरी विशालाक्षीचे मत पडले, "स्वामींना कळते हो. या उन्हात कोण फिरेल?"

मी विचार केला. आपण कुंभकोणमच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसता. पापनाशम मागे पडते, तरी तिसरे बाक तिसरेच राहते. तेव्हा स्वामींचे स्थान पडद्याच्या कोपऱ्यापासून न मोजता रथापासून मोजावे, म्हणजे रथ जाईल तिकडे तेही जातील. तसे केले. शिवाय खबरदारी म्हणून स्वामींनाही रथाइतकीच गती दिली. दुसऱ्या दिवशी स्वामी रथाच्या पुढून बाहेर पडले, लाकडी घोडे ओलांडून पडद्याबाहेर गेले. कारण उघड आहे: धावत्या बसमध्ये प्रवासीही धावू लागला, तर तो चालकाच्या पुढे निघेल. "आज फारच घाई, सार," राममूर्ती म्हणाला. मी त्याला ही मीमांसा दीड तास समजावली. तो एकदाही उठला नाही.

स्वामींची स्वतंत्र गती काढून घेतली. काल रथ चारही वीथींतून फिरला, स्वामी आत स्थिर. राममूर्ती म्हणाला, "खेळ राहू द्या सार. का चुकले ते तुम्ही सांगता ना, तेच शिकवा." मी समाधानी आहे.

आपला,
गुरुराज

ता. क. नऊ विद्यार्थी झाले, विशालाक्षी धरून (ती वर्गात फुले ओवीत बसणार, असे तिने बजावले आहे). शनिवारी आपल्याकडून साडेआठची बस सोयीची आहे. संगणकाला वयाची अट नाही.

पुन्हा ता. क. दहावे नाव मी आज सकाळीच वहीत लिहून आलो. पहिला धडा आपण वर वाचलाच आहे. राममूर्तीने विचारल्यास समजला असे सांगावे.