दादासाठी नवा स्विच

दादा,

तुझ्या गिटारच्या अँपचा पायाने दाबायचा स्विच टेबलाखाली ठेवलाय. कंपनीने तो अँप काढणंच बंद केलंय, म्हणून रेडिओवाल्या काकांकडून पत्र्याच्या डबीत दोन बटणं बसवून घेतली. डावं-उजवं उलटं झालंय. नेलपॉलिशचा ठिपका असलेलं दाबलंस की तुला हवा तसा आवाज फाटतो.

जुना हरवला नव्हता. तू बँडबरोबर कायमचा चाललायस हे आईला अजून माहीत नाही, पण मला कळलं, आणि मीच तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. चार दिवस तू अख्खं घर पालथं घातलंस, आणि मी मिठाची गुळणी धरून तुझ्याबरोबर शोधत होते.

आईला तू स्वतः सांगून निघ. मी मैत्रिणीकडे जातेय. तू जाईपर्यंत घरी थांबले, तर हाही लपवीन.

धाकटी