सिरिलच्या वाट्याची भिंत

सान पास्कुआल मिशन,
१४ एप्रिल

प्रिय सिरिल,

काल दुपारी ट्रक येऊन गेला. चुन्याच्या चाळीस गोण्या, गोणीला सहा डॉलर. एक फुटकी निघाली, तिचे पैसे मी ड्रायव्हरच्या समोरच कापून घेतले. वाळू नदीतली, ती फुकट. चुन्याला चिकटपणा यायला शिजवून घालायची निवडुंगाची पानं आपल्याच माळावरची, तीही फुकटच म्हणायची, फक्त माझ्या बोटांत अजून काटे आहेत. तुझी पन्नासची मनीऑर्डरही पोचली आणि ती संताच्या सणासाठी जमा केली. पण दरवर्षी पैसे तेवढेच आणि मजकूर मात्र कमी, हे काय रे? या खेपेला नुसतं ‘सर्व ठीक’. त्याच तिकिटात आणखी चार ओळी बसतात.

आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. सकाळी मेस्कीटच्या लाकडाच्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवते. आता सगळ्यात मोठी बातमी. दोन वर्षं झाली, आम्ही चर्चचं सिमेंट काढतोय. मी आधी कळवलं नाही, कारण तू पत्र अर्ध्यावर मिटून ठेवशील हे मला ठाऊक होतं. आता मिटू नकोस, पुढे वाच.

टूसानहून एक बाई आल्या होत्या, जुन्या इमारती जाणणाऱ्या. त्यांनी भिंतीला कान लावून ठोकून पाहिलं आणि सांगितलं की कच्च्या विटांची भिंत श्वास घेते. वरून पाणी मुरतं ते चुन्यातून परत उडून जातं, सिमेंटमागे मात्र कोंडून राहतं. आम्ही छिन्नी लावली तर सिमेंटचे तक्तेच्या तक्ते सुटून आले आणि आत विटा भिजलेल्या कणकेसारख्या. पण जिथे त्या कोरड्या राहिल्यात, तिथे विटेतलं गवत अजून पिवळं आहे, काल कापल्यासारखं. दोनशे वर्षांपूर्वीचं गवत! मी एक काडी आईच्या हातात दिली. तिनं ती हुंगली, म्हणाली, “घोड्यानं अजून खाल्लं असतं.”

तू शाळेतून गवंडीकाम शिकून आलास ते दिवस आठवतात मला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पट्टी. तू सांगितलंस, एकदा सिमेंट मारलं की शंभर वर्षं हात लावायला नको. आम्हा बायकांना तर स्वर्गच मिळाला! निवडुंग शिजवायचा तो वास, ती चिकट घाण, ते हात सोलवटणं, सगळं सुटणार होतं. फादरांनी तुझ्या सिमेंटच्या मिक्सरवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि पलीकडच्या घरातल्या वर्नानं त्या मिक्सरला कागदी फुलांचा हार घातला. आज हीच वर्ना म्हणते, तिला तेव्हाच शंका आली होती.

चर्चच्या पाटीवर अजून पाद्रीबाबांचंच नाव आहे. टूरिस्ट येतात, मी दारात विकायला हातावर पोळी ताणत असते, आणि ते विचारतात, हे कुणी बांधलं. मी सांगते, आमच्या, इथल्या मूळ लोकांनी. पाद्री आले ते स्पेनच्या राजाच्या नावानं, गहू, गाई आणि गोवर घेऊन. घंटा झाली की शेतातून उठायचं, विटा पाडायच्या, आणि प्रार्थना चुकली तर पाठीवर चाबूक. आजीच्या तोंडून आपण दोघांनीही ऐकलंय. त्या पाद्र्यांसाठीही मी जपमाळ ओढते, त्यांना गरज जास्त असणार. मग सरकारं बदलली, पाद्र्यांना हाकललं, आणि कित्येक वर्षं इथे मिस्सेची प्रार्थना म्हणायला कुणी पाद्री नव्हता. तेव्हा घंटा नव्हती, चाबूक नव्हता. तरी आपल्या लोकांनी संताची मूर्ती धान्याच्या कणगीत लपवून जपली आणि भिंतीला दरवर्षी चुना चढवला. कुणी सांगितलं म्हणून नाही. मी टूरिस्टांना म्हणते, सक्ती संपली त्या दिवसापासून हे चर्च आमचं झालं. परवा एकीनं विचारलं, “तुम्हाला राग नाही येत?” म्हटलं, “येतो की! राग घालूनच गिलावा कालवतो, घट्ट बसतो.” फादर शेजारीच होते, त्यांना खोकला आला.

वाट्याची पद्धत तेव्हाचीच आहे. प्रत्येक घराची ठरलेली भिंत. तिच्यासाठी निवडुंग त्या घरानं आणायचा, त्याच घरानं थापी धरायची. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. आता उत्तरेची भिंत झाली, दर्शनी झाली, मागची झाली. पांढरीशुभ्र दिसतात, आणि हात लावला तर गार लागतात. उघडी राहिली आहे ती फक्त दक्षिणेची, आपली.

त्या ऑगस्टमधल्या वादळाबद्दल आपण कधी बोललो नाही. भर मिस्सेत आपल्या वाट्याचा तो कोपरा सिमेंटसकट धाडकन खाली आला. चर्चमधल्या कुणालाही खरचटलं नाही, देवाची कृपा. पण ढिगारा दफनभूमीवर पडला, आणि एमीलियानो मामांनी स्वतः कोरलेला त्यांच्या बायकोचा क्रूस मोडला. तू चिखलात गुडघ्यावर बसून त्याचे तुकडे गोळा करत होतास. मामा बघत उभे होते. त्या आठवड्यातच तू ओकलंडची बस धरलीस. तेव्हापासून तुला वाटतंय की गाव रागावलंय, आणि गावाला वाटतंय की तुला शहर लागलं.

मी आईला म्हटलं, मी चढवते आपल्या वाट्याला चुना, माझे काय हात मोडलेत? तर म्हणाली, “ज्यानं भिंतीचा श्वास कोंडला त्यानंच तो मोकळा करायचा.” वर्षभर तिचं एवढंच पालुपद. उघड्या विटांवर आम्ही ताडपत्री टाकून ठेवली आहे, वाऱ्यानं रात्रंदिवस फडफडते.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. गेल्या रविवारी मिस्सेनंतर बैठक झाली. जुलैचा पाऊस त्या भिंतीला झेपणार नाही, आणि ती गेली तर छप्परही जाईल, हे सगळ्यांना दिसतंय. वर्ना म्हणाली, नार्चोंचा, म्हणजे आपला, वाटा शहरातल्या माणसांना कंत्राटानं देऊन टाका. कुणीतरी म्हणालं, आधी सिरिलला विचारा. “सिरिल?” वर्ना म्हणाली. “सिरिल आला तर मी पोप होईन!” सगळे हसले. मी उभी राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “सिरिलचं पत्र आलंय. तो येतोय.” हसणं थांबलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे कोणतं टपाल येतं आणि कोणतं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? मला वाटलं, संपलं. तर ती काठी आपटून म्हणाली, “हो, मला वाचून दाखवलं तिनं.” मग एमीलियानो मामा सावकाश उठले. म्हणाले, “बरं झालं. सिमेंटसाठी पहिला हात मीच वर केला होता. ते त्याला समोरासमोर सांगायचं राहून गेलंय, आणि माझ्याकडे आता फार वर्षं नाहीत.” बैठक तिथेच संपली. वाटा तुझ्या नावावर राहिला. कालचा चुना तुझ्यासाठीच आलाय, आज मी तो भिजत घातला. मेच्या सुरुवातीला तो तयार होईल, आणि सतरा तारखेच्या सणाच्या आत भिंत पुरी व्हायला हवी. शनिवारी मी फादरांपुढे या खोट्याची कबुली द्यायला जाणार होते, पण आईनं थांबवलं. म्हणाली, “घाई कशाला? टपाल येऊ दे.” तिचं बरोबर आहे. तू आलास तर ते खोटं राहत नाही, थोडं आधी सांगितलेलं खरं होतं. तेव्हा पैसे पाठवू नकोस. कोणत्या दिवशी, कोणत्या बसनं येतोस, एवढंच उलट टपाली कळव.

तुझीच थोरली बहीण,
डेल्फीन