छपराच्या सांध्याविषयी, तुझ्या माहितीसाठी

प्रिय धाकटोबा,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेतला. कागदाला अंगठा पाठवता येत नाही.

विषय मागच्या अंगणावरच्या छपराचा. तेच, तुझ्या हातचं. बाबांना सकाळी बाहेर बसून पेपर वाचता यावा म्हणून तू खांब रोवलेस, घराच्या भिंतीला लाकडी पट्टी ठोकलीस आणि तिच्यावर पत्रे चढवलेस, तेव्हा मला तुझं खरंच कौतुक वाटलं होतं. शिडी मी धरली होती. तुला आठवत असेल असं धरून चालते. बाबांना आठवत नाही. मग पाऊस आला, भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथून धार लागली, आणि तू सिलिकॉनची नळी घेऊन हजर झालास. दातांना पेस्ट फासावी तसं फटीला ते फासलंस, बाबा खालून वा वा म्हणत राहिले, आणि तू संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास. पुढे दरवर्षी हाच विधी. गळती, बाबांचा तुला फोन, नळी, वा वा, संध्याकाळची गाडी. नित्यकर्म म्हणतात ते हेच असावं, फळाची अपेक्षा न ठेवता करायचं. अलीकडे मात्र भटजींनीच येणं सोडलं आहे.

तू आला नाहीस, पाणी आलं. ओल भिंतीतून बाबांच्या खोलीत उतरली. पलंगाच्या उशाशी रंगाचे पोपडे सुटले, कपाटातल्या स्वेटरांना बुरशीचा वास लागला. उशी मी रोज उन्हात टाकते. बाबा खोकतात, आणि खोकत खोकतच मला सांगतात की ओलबिल काही नाही, माझं नाकच फार तिखट आहे. डॉक्टरीणबाई छाती तपासून म्हणाल्या की भिंत कोरडी करा नाहीतर यांना तरी इथून हलवा, माझी औषधं भिंतीला लागू पडत नाहीत. बाबा हलेनात. पत्रेवाल्याला बोलावलं, तर त्याला चहा पाजून, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करून त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा चहा. धाकट्याचं काम आहे, त्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम. मी या घरात राहते, त्यांच्या गोळ्या मोजते, नखं कापते. पण पत्र्याला हात लावू देण्याइतका अधिकार माझ्यापाशी नाही.

तेव्हा एका दुपारी बाबा झोपलेले पाहून मी बागेचा पाइप नळाला लावला आणि शिडीवर चढले. आता नीट वाच, हे तुला लागणार आहे. आधी खालच्या पत्र्यावर पाणी सोडलं, काही झालं नाही. मग सांध्यावर सोडलं, तरी काही नाही. तुझं सिलिकॉन मानलं पाहिजे. मग सांध्याच्या वर, उघड्या भिंतीवर सोडलं, आणि खाली जाऊन पाहते तो बाबांच्या उशाशी भिंत चमकायला लागलेली. पाणी फटीतून येतच नव्हतं. ते वरच्या गिलाव्यातल्या चिरांतून शिरून तुझ्या लाकडी पट्टीमागे उतरत होतं. आणि एका वर्षी उत्साहाच्या भरात तू त्या पट्टीची खालची कडही बुजवून टाकली होतीस, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरली नाही. ते घरात आलं. इतकी वर्षं आपण गळती थांबवत नव्हतो, तिला आत कोंडत होतो.

हे सांगायला मी संध्याकाळी बाबांसमोर बसून तुला फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा तो चेहरा मला पाहवेना, म्हणून बंद फोन तसाच कानाशी धरून मी म्हणाले, "हं, बोल. हो, ऐकते आहे." आणि मग तू मला सगळं समजावून सांगितलंस. फार छान समजावतोस तू. मध्ये मी एक शंका काढली, तिचंही तू न चिडता उत्तर दिलंस. निदान तिथे तरी बाबांना संशय यायला हवा होता.

पत्रेवाला आला. जुनं सिलिकॉन खरवडलं, सांध्याच्या वीतभर वर भिंतीत आडवी खाच पाडली, दुमडलेल्या पत्र्याच्या पट्टीची वरची कड त्या खाचेत बसवून पक्की केली आणि पट्टी छपरावर झुकती ठेवली, म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी थेट पत्र्यावर पडतं. खालची कड मोकळी सोडली. बाबा समोर खुर्ची टाकून बसले होते. काम संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. तो एवढ्या लांब राहून त्याला कळलं. तू इथे राहून तुला कळलं नाही." मी हो म्हणाले आणि पत्रेवाल्याला हात धुवायला साबण दिला.

भिंत वाळते आहे, खोकलाही उतरला आहे. बाबांनी ही कथा डॉक्टरीणबाईंना ऐकवली, शेजारच्या काकांना ऐकवली, पत्रेवाल्यालाही पुन्हा ऐकवली. आता ती तुला ऐकवायची आहे. येत्या रविवारी ते तुला फोन करणार आहेत, वा वा म्हणायला. त्यासाठी हा पत्रप्रपंच. खाच, पट्टी, मोकळी कड, एवढं पाठ कर. कसली पट्टी, असं चुकूनही विचारू नकोस. आणि फोन उचल. दर वेळी तुझ्या वाटचंही मीच बोलायचं म्हटलं, तर एखाद्या दिवशी खरं बोलून जाईन.

तुझीच,
तुझ्या मार्गदर्शनाखाली काम केलेली
ताई